वळचणीचं पाणी आढ्याला: बर्फाच्या मुलखात घराचं छप्पर तपासून घेताना

मिनिआपोलिसच्या उपनगरात आम्ही घर घेतलं तेव्हा छपराबद्दल एकच प्रश्न विचारला होता: किती वर्षांचं आहे? एजंटबाई म्हणाल्या, नऊ. आम्ही खूश. डांबरी शिंगल्सचं, म्हणजे कौलांसारख्या रचलेल्या चपट्या तुकड्यांचं, छप्पर वीस वर्षं सहज काढतं असं ऐकलं होतं, म्हणजे अजून दहा वर्षं तरी वर बघायला नको. तिसऱ्या हिवाळ्यात, जानेवारी संपता संपता, वरच्या बाथरूमबाहेर छतावर बशीएवढा पिवळट डाग उमटला. संध्याकाळपर्यंत बशीचं ताट झालं. महिनाभर पावसाचा थेंब नव्हता. पंधरा दिवस हाडं गोठवणारी थंडी होती आणि त्या दिवशी जरा बरं ऊन पडलं होतं, एवढंच.

'फुकट तपासणी' अशी जाहिरात करणाऱ्या एका कंपनीचा माणूस आला. ड्राइव्हवेत उभं राहून त्यानं फूटभर बर्फाखालच्या छपराकडे दोन मिनिटं बघितलं आणि नव्या छपराचं एस्टिमेट हातात ठेवलं. बर्फाखालचं त्याला काय दिसलं, देव जाणे. मग पैसे मोजून एक म्हातारा इन्स्पेक्टर बोलावला. दारात बूट झाडता झाडता त्यानं विचारलं, "माळ्यावर जायची वाट कुठंय?"

मिनेसोटात, किंवा असाच हिवाळा असलेल्या कुठल्याही गावात, नवीन घर घेतलेल्या मराठी माणसाला मला मुख्यतः हा प्रश्न लक्षात ठेवायला सांगायचंय. आपण पावसाच्या मुलखातून आलेलो. मे महिन्यात कौलं शाकारून घेतली की झालं. इथे छपराच्या पुष्कळशा भानगडी घरातल्या उबेमुळे होतात, आणि त्या माळ्यावर, म्हणजे खोलीचं छत आणि छप्पर यांच्यामधल्या पोकळीत, चढल्याशिवाय दिसत नाहीत.

आधी समजून घ्या: बर्फ छपराला करतो काय

सासूबाई पहिल्यांदा आल्या त्या डिसेंबरात. सकाळी खिडकीतून बघून म्हणाल्या, "अगो, पागोळ्या गोठल्या बघ!" घराच्या कडेनं तीन-तीन फुटांचे बर्फाचे सुळके लोंबत होते. त्यांना तो देखावा इतका आवडला की देवरुखला फोटो गेले. मलाही आवडायचा. आता अंगावर काटा येतो, कारण गोठलेल्या पागोळ्यांचा अर्थ कळलाय.

होतं ते असं. घरातली ऊब छतातून माळ्यावर झिरपते. माळा तापतो, छपराची फळी तापते, आणि वरच्या बर्फाचा खालचा थर वितळायला लागतो. ते पाणी बर्फाखालून उतारानं वळचणीपर्यंत येतं. वळचण भिंतीच्या बाहेर असते, तिच्याखाली गरम खोली नसते, म्हणून तिथे पाणी परत गोठतं. रोज थोडं थोडं असं साचून वळचणीला बर्फाचा बांध तयार होतो. इथे त्याला आइस डॅम म्हणतात. मागून येणारं पाणी त्या बांधाला अडतं, तुंबतं, आणि शिंगल्सच्या खाली शिरून वर सरकतं. वळचणीचं पाणी आढ्याला जात नाही, असं आपल्याकडे म्हणतात. इथे ते आढ्यापर्यंत पोचत नसलं, तरी त्या दिशेनं निघतं खरं. शिंगल्स या एकमेकींवर पायरीसारख्या रचलेल्या असतात. वरून खाली वाहणारं पाणी त्या अडवतात, खालून वर येणारं नाही.

म्हणूनच इथल्या बांधकाम नियमांत वळचणीपासून वर, शिंगल्सच्या खाली, चिकटणारा जलरोधक पडदा घालावा लागतो. तो बाहेरच्या भिंतीच्या आतल्या बाजूला निदान २४ इंच गेला पाहिजे. 'आइस अँड वॉटर' म्हटलं की रूफरला कळतं. जुन्या घरात तो नसतो, किंवा एकच पट्टा मारून काम उरकलेलं असतं.

दुसरी भानगड पाणी न दिसता होते. घरातली दमट हवा फटींतून माळ्यावर जाते आणि छपराच्या गार फळीवर, खिळ्यांच्या टोकांवर, दहिवरासारखी गोठून बसते. थंडी जितके दिवस टिकेल तितका थर वाढतो. ३० जानेवारी २०१९ ला मिनिआपोलिसमध्ये पारा उणे २८ फॅरनहाइटला, म्हणजे उणे ३३ सेल्सियसला, गेला होता. अशा आठवड्यात माळ्यावर केवढं पाणी बर्फ होऊन बसत असेल, विचार करा. मग एक दिवस ऊन पडतं, आणि ते सगळं एकदम खाली टपकतं. आमचा डाग हाच होता. छप्पर कुठेच फुटलेलं नव्हतं.

यात आपल्या घरांचा थोडा वाटा आहे, हेही कबूल करते. कुकरच्या शिट्ट्या, दिवसभर उकळणारा चहा, घरातच वाळत घातलेले कपडे, तुळशीची आणि कढीपत्त्याची कुंडी जगावी म्हणून लावलेला ह्युमिडिफायर. आपल्या घरात वाफ जास्त असते आणि ती वरच जाते.

केव्हा बोलवायचं

अमेरिकेतल्या रूफिंग कंत्राटदारांची राष्ट्रीय संघटना वर्षातून दोनदा, वसंतात आणि शरदात, छप्पर बघायला सांगते. दरवेळी पैसे देऊन माणूस बोलवायची गरज नाही. एकदा नीट बघून घेतलं की मधल्या खेपा आपण जमिनीवरून करू शकतो. पहिली व्यावसायिक तपासणी मात्र सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत उरकावी. कारण साधं आहे. तपासणीत काही निघालं तर ते दुरुस्त करायला ऊब शिल्लक हवी. शिंगल्सच्या पोटाशी डांबराची चिकट पट्टी असते, ती उन्हाच्या तापानं खालच्या शिंगलला चिकटते. पारा ४० फॅरनहाइटच्या खाली राहायला लागला की ती आपोआप धरत नाही, प्रत्येक शिंगल हातानं चिकटवावी लागते. शिवाय थंडीत शिंगल्स कडक होतात आणि पायाखाली तुटतात.

शरद हुकला तर एप्रिलअखेरीस किंवा मे महिन्यात, बर्फ पूर्ण गेल्यावर. भर हिवाळ्यात गळलं तर अर्थातच वाट बघायची नाही, पण तेव्हा माणूस छपरावर चढणार नाही, माळ्यावर चढेल. माझ्या मते माळ्याची तपासणी करायला जानेवारीच उत्तम. दहिवर तेव्हाच दिसतं.

कोणाला बोलवायचं

इथे तीन जातींची माणसं भेटतात.

पहिला, रूफर. तो छप्पर घालतो, म्हणून छप्पर विकतोही. फुकट तपासणी त्याला परवडते कारण दहातल्या एकानं जरी नवं छप्पर घेतलं तरी त्याचं भागतं. चांगले रूफर पुष्कळ आहेत आणि दुरुस्तीला तेच लागतात, पण निदान आणि विक्री एकाच माणसाकडे असली की निदानाकडे जरा तिरकं बघावं. मिनेसोटात घरांच्या छपराचं काम करायला राज्याचं लायसन्स लागतं. ते कामगार आणि उद्योग खातं देतं, आणि खात्याच्या वेबसाइटवर नाव घालून दोन मिनिटांत तपासता येतं. हे तपासा म्हणजे तपासाच. लायसन्स असलेल्या कंत्राटदारानं बुडवलं तर राज्याचा एक भरपाई निधी आहे. बिनलायसनवाल्यानं बुडवलं तर त्या निधीचा काही उपयोग नाही.

दुसरा, होम इन्स्पेक्टर, घर घेताना येतो तो. तो विकत काही नाही, हा मोठा गुण. पण त्याच्या व्यवसायाच्या नियमांत छपरावर चढणं सक्तीचं नाही. तो जमिनीवरून किंवा शिडीवरून बघून अहवाल देऊ शकतो, आणि ते नियमात बसतं. आमचं घर फेब्रुवारीत घेतलेलं. अहवालात छपराच्या रकान्यात लिहिलं होतं, 'बर्फाने झाकलेले, तपासता आले नाही.' आम्ही ते वाचलं होतं. वाचून पान उलटलं होतं. हिवाळ्यात घर घेत असाल तर या ओळीपाशी थांबा, आणि एजंटला सांगून करारात नंतरच्या तपासणीबद्दल किंवा किमतीबद्दल काही लिहून घेता येतं का ते बघा.

तिसरा, एनर्जी ऑडिट करणारा. तो छपराकडे बघतच नाही, पण ब्लोअर डोअर, म्हणजे दारात बसवायचा मोठा पंखा, लावून घरातली हवा ओढतो आणि इन्फ्रारेड कॅमेऱ्यानं ऊब कुठून निसटते ते दाखवतो. ट्विन सिटीजमध्ये, म्हणजे मिनिआपोलिस आणि सेंट पॉलच्या परिसरात, वीज आणि गॅस कंपन्यांच्या मदतीनं चालणारी होम एनर्जी स्क्वॉडची भेट स्वस्तात पडते. आइस डॅम दरवर्षी होत असेल तर मी आधी याला बोलवेन आणि मग रूफरला. हा क्रम ऐकून बहुतेक लोक बुचकळ्यात पडतात.

फोनवर चारच गोष्टी विचारा. माळ्यावर जाणार का? प्रत्येक दोषाचा फोटो देणार का? अहवाल लेखी आणि दुरुस्तीच्या एस्टिमेटपासून वेगळा असेल का? तुमच्या माणसांचा विमा आहे का? शेवटचा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, पण तुमच्या छपरावरून कोणी घसरलं तर तो प्रश्न तुमचाच होतो. पहिल्या प्रश्नाला "गरज पडली तर" असं उत्तर आलं की फोन ठेवून पुढचा नंबर लावावा.

तो येण्याआधी आपण काय करायचं

शिडी लावायची नाही. हे आधी. दुर्बीण असेल तर घ्या, नसेल तर फोनचा कॅमेरा झूम करा आणि घराभोवती एक फेरी मारा.

हिवाळ्यातला सगळ्यात बोलका पुरावा फुकट मिळतो: दोन-चार इंच बर्फ पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी रस्त्यापलीकडे उभे राहा आणि आपल्या छपराचा फोटो काढा. शेजाऱ्यांच्या छपरांचाही. बर्फ सगळीकडे सारखा असेल तर माळा गार आहे, उत्तम. मध्येच काळे चट्टे पडलेत का? तिथून ऊब निसटतेय. आढ्याजवळ वितळून वळचणीला जाड थर उरलाय का? पागोळ्या कुठे सगळ्यात लांब आहेत? गॅरेजच्या छपरावर बर्फ तसाच असतो, कारण खाली गरम खोली नसते. तो तुमचा नमुना. हे फोटो इन्स्पेक्टरला दाखवा. ऑक्टोबरात त्याला ते दिसणार नाही, तुम्हालाच दिसलेलं असतं.

घरात छतावरचे डाग पेन्सिलीनं घेरून तारीख घाला. कुठल्या दिवशी डाग वाढला आणि त्या दिवशी हवा कशी होती, हे लिहून ठेवलंत तर अर्धं निदान तिथेच होतं. पाऊस पडल्यावर गळतंय, की बर्फ वितळताना, की नुसत्या थंडीनंतरच्या उन्हात, ही तीन वेगवेगळी दुखणी आहेत.

माळ्याची झडप बहुतेक घरांत कपड्यांच्या कपाटात असते. कपाट रिकामं करा. नाहीतर तुमच्या साड्यांवर करड्या इन्सुलेशनचा, म्हणजे ऊब अडवायला माळ्यावर पसरलेल्या थराचा, पाऊस पडेल; अनुभवानं सांगतेय. जुनं घर असेल आणि झडप उघडल्यावर इन्सुलेशन अभ्रकासारखं चमकणारं, बारीक खड्यांचं दिसलं, तर हात लावू नका आणि झडप बंद करा. ते व्हर्मिक्युलाइट असू शकतं. त्यातलं पुष्कळसं मोंटाना राज्यातल्या लिबी गावच्या खाणीतून यायचं आणि त्यात ॲस्बेस्टॉस सापडलेलं आहे. खाण १९९० साली बंद झाली, माल अजून माळ्यांवर आहे. आधी त्याची चाचणी, मग बाकी सगळं.

तपासणीच्या दिवशी: बाहेर

हा भाग पटकन सांगते, कारण रूफर हा भाग नीट करतातच. शिंगल्सवरची खडी झडली आहे का, कडा वळल्या आहेत का, गारांचे ठोके आहेत का, किती थर आहेत (जुन्यावर नवं घातलेलं असेल तर दोनपेक्षा जास्त थर चालत नाहीत), हे तो बघेल. पन्हळीत खडी साचलेली असेल तर दाखवेल. इथे पन्हळीला गटर म्हणतात, त्यामुळे 'गटर साफ करून घ्या' हे वाक्य ऐकून आमच्या सासरेबुवांचा बराच गैरसमज झाला होता.

गळती शिंगल्सच्या सपाट मैदानात क्वचित असते. जिथे छप्पर दुसऱ्या कशाला तरी भेटतं तिथे ती असते. धुराड्याच्या कडेचं फ्लॅशिंग (सांधा झाकणारी पत्र्याची पट्टी), दोन पाखी मिळतात तिथली खोलगट व्हॅली, भिंतीला टेकलेलं खालचं छप्पर, आणि नळांच्या हवेच्या पाइपाभोवतीचा रबरी गळपट्टा. हा गळपट्टा शिंगल्सच्या आधी म्हातारा होऊन तडकतो, आणि बदलायला तुलनेनं किरकोळ खर्च येतो. धुराडं ३० इंचांपेक्षा रुंद असेल तर त्याच्या वरच्या बाजूला पाणी दोन्हीकडे वळवणारा लहानसा उंचवटा हवा. तो नसेल तर तिथे बर्फ साचून बसतो.

तपासणीच्या दिवशी: माळ्यावर

इथे घाई करू देऊ नका. शक्य असेल तर शिडीवर उभं राहून निदान डोकं तरी आत घाला.

आमचा म्हातारा वर गेला आणि मला बोलावलं. त्यानं टॉर्च छपराच्या आतल्या बाजूवर फिरवला. फळीतून खाली आलेलं प्रत्येक खिळ्याचं टोक पांढरं, साबुदाण्याच्या दाण्याएवढं दहिवर धरलेलं. शेकडो दाणे, ओळीनं. मग टॉर्च उजवीकडे गेला आणि तिथे फळीचा चांगला चार फुटांचा भाग न साफ केलेल्या डीपफ्रीझरच्या भिंतीसारखा दिसला. त्याच्या बरोबर खाली एक चंदेरी, वळ्यावळ्यांची नळी इन्सुलेशनवर आडवी पडली होती. बाथरूमच्या पंख्याची नळी. ती छपरातून बाहेर जायला हवी, पण कधीतरी निसटली होती, आणि तीन हिवाळे आमच्या आंघोळीची सगळी वाफ माळ्यावर जात होती. तो म्हणाला, "तुमचं छप्पर गळत नाही. तुमचं बाथरूम गळतंय, वरच्या दिशेनं."

दुरुस्ती म्हणजे नळी जोडणे, तिच्यावर इन्सुलेशनची बाही चढवणे. नव्या छपराच्या एस्टिमेटच्या शेजारी ती रक्कम ठेवली तर हसू येतं.

माळ्यावर त्यानं काय काय बघावं, ते क्रमानं असं. सगळ्यात आधी फटी. छतात बसवलेल्या दिव्यांभोवती, धुराड्याच्या आणि नळांच्या बाजूनं, आतल्या भिंतींच्या माथ्यावर, खुद्द झडपेच्या कडेनं. इन्सुलेशनवर काळपट डाग असेल तर तिथून हवा वर येते आणि धूळ गाळली जाते, असं समजायचं. मिनेसोटात या वाटांना 'ॲटिक बायपास' म्हणतात आणि आइस डॅमची बोंब मारताना लोक यांनाच विसरतात.

मग इन्सुलेशनची जाडी. नव्या घरांना मिनेसोटात माळ्यावर आर-४९ लागतं ('आर'चा आकडा जितका मोठा, तितकी ऊब जास्त अडते). कागदाच्या लगद्याचं, म्हणजे सेल्युलोजचं, इन्सुलेशन असेल तर साधारण १४ इंच, फुंकलेल्या फायबरग्लासचं असेल तर १८-२० इंच. पट्टी रोवून मोजायला सांगा, एकाच जागी नव्हे तर चार जागी. आमच्याकडे मध्यावर दहा इंच आणि वळचणीजवळ तीन निघालं. जिथे हवं तिथेच कमी.

शेवटी वारा. माळा गार ठेवायचा तर वळचणीखालच्या जाळीतून, म्हणजे सॉफिटमधून, हवा आत यायला हवी आणि आढ्याजवळून बाहेर जायला हवी. ढोबळ हिशेब असा: वारा वर-खाली नीट वाटलेला असेल तर दर ३०० चौरस फूट माळ्याला एक चौरस फूट उघडी जागा. माळा १,२०० चौरस फुटांचा असेल तर चार चौरस फूट. दोन खाली, दोन वर. छपरावरच्या एका चौकोनी व्हेंटमधून सुमारे ५० चौरस इंच मोकळी जागा मिळते, म्हणजे वर निदान सहा हवेत. बाहेरून मोजून बघा, बहुतेक वेळा चार भरतात. खालची जाळी असते पण माळ्यावरून ती इन्सुलेशननं बुजलेली असते. तिथे वाऱ्यासाठी पुठ्ठ्याचे किंवा फोमचे पन्हळीसारखे पत्रे ठोकलेले हवेत. नसतील तर अहवालात यायला हवं.

अहवाल हातात आला की

दोषांची यादी लांबलचक असते आणि घाबरायला होतं. तिचे तीन ढीग करा: या हिवाळ्याआधी, पुढच्या वर्षात, आणि नुसतं लक्ष ठेवायचं. इन्स्पेक्टरला फोन करून विचारा, 'हे तुमच्या आईचं घर असतं तर आधी काय केलं असतंत?' खूप मोकळी उत्तरं मिळतात.

क्रम चुकवू नका. आधी फटी बुजवणे, मग इन्सुलेशन, मग वारा, आणि शिंगल्स खरोखरच संपल्या असतील तर त्या. पुष्कळ लोक फटी न बुजवता वरून इन्सुलेशन ओततात. दमट हवा त्यातून तशीच वर जाते, माळा मात्र आधीपेक्षा गार झालेला असतो, आणि दहिवर वाढतं. छप्परच बदलणार असाल तर आइस अँड वॉटरचा पडदा किती फूट वर नेणार ते एस्टिमेटमध्ये आकड्यात लिहून घ्या.

मध्येच, हिवाळ्यात

रूफ रेक नावाचं लांब दांड्याचं फावडं ऑक्टोबरातच आणून ठेवा. पहिल्या वादळानंतर दुकानात मिळत नाही. जमिनीवर उभं राहून वळचणीचा तीन-चार फूट बर्फ ओढायचा, तेवढ्यानं बांध बराच आवरतो. विजेच्या तारेपासून लांब राहा, दांडा ॲल्युमिनियमचा असतो. आणि ओढलेला बर्फ भट्टीच्या, म्हणजे फर्नेसच्या, भिंतीतून निघणाऱ्या पांढऱ्या पाइपावर पडू देऊ नका. तो पाइप बुजला तर भट्टी बंद पडते, किंवा विषारी वायू घरात राहू शकतो.

बांध झालाच तर कुऱ्हाड, हातोडी, खडेमीठ, तिन्ही नकोत. पहिल्या दोहोंनी शिंगल्स फुटतात, मिठानं शिंगल्स, पन्हळ आणि खालची झाडं तिन्ही खराब होतात. कॅल्शियम क्लोराइड जुन्या पायमोज्यात भरून बांधावर आडवं ठेवलं तर ते पाण्याला वाट करून देतं. त्यापुढचं काम वाफेनं बांध कापणाऱ्या माणसाचं. 'स्टीमर आहे का?' असं स्पष्ट विचारा. गरम पाण्याच्या जोरदार फवाऱ्याला स्टीम म्हणून विकणारेही आहेत, आणि त्या जोरानं शिंगल्सवरची खडी उडते.

वजनाची भीती बऱ्याच जणांना वाटते. १२ डिसेंबर २०१० ला मिनिआपोलिसच्या मेट्रोडोमचं छप्पर बर्फानं फाटून खाली आलं, त्याचा व्हिडिओ सगळ्यांनी बघितलेला असतो. पण ते हवेच्या दाबानं तोललेलं कापडी छप्पर होतं. ट्विन सिटीजच्या पट्ट्यात घराचं छप्पर दर चौरस फुटाला ३५ पौंड बर्फ पेलेल असं बांधायचा नियम आहे. भुसभुशीत ताजा बर्फ १०-१२ इंच असला तर त्याचं वजन पाचेक पौंड भरतं. दबलेला जुना बर्फ ३ ते ५ इंचांतच तेवढा होतो, आणि निव्वळ बर्फाचा ठोकळा एका इंचात. म्हणजे दबलेला दोन फूट बर्फ झाला की हिशेब जवळ येतो. २०२२-२३ च्या हिवाळ्यात इथे एकूण ९०.३ इंच बर्फ पडला, आणि तरी माझ्या ओळखीतलं एकही घर बसलं नाही. काळजी सपाट छपरांची, आणि उंच छपराशेजारी वाऱ्यानं ढीग साचतो त्या खालच्या छपराची. वरच्या मजल्याची दारं अचानक अडकायला लागली, भिंतीला नवीन तडा गेला किंवा वरून कडकड आवाज आला, तर आधी घराबाहेर पडा आणि मग फोन करा.

विमा आणि दारावरचे लोक

आइस डॅममुळे घरात झालेलं नुकसान बऱ्याच पॉलिसींत बसतं, पण बांध काढण्याचा खर्च आणि इन्सुलेशनचं काम सहसा बसत नाही. तुमची पॉलिसी काढून दोन गोष्टी बघा. जुन्या छपराला नव्याची किंमत देतात की झीज वजा करून? आणि गारा-वाऱ्याचं डिडक्टिबल, म्हणजे नुकसानीतला आपण भरायचा वाटा, ठरावीक रक्कम आहे की टक्केवारी? घर चार लाख डॉलरला विमा उतरवलेलं असेल तर एक टक्का म्हणजे चार हजार तुमच्या खिशातून.

उन्हाळ्यात गारपीट झाली की दुसऱ्या दिवशी दाराची बेल वाजते. गोड बोलणारा मुलगा म्हणतो, "शेजाऱ्यांचं छप्पर करतोय, तुमचंही बघतो, डिडक्टिबलची काळजी आमच्यावर सोडा." मिनेसोटात कंत्राटदारानं डिडक्टिबल भरायचं किंवा माफ करायचं आश्वासन देणं कायद्याला धरून नाही, त्यामुळे तो माणूस पहिल्या वाक्यातच स्वतःची ओळख सांगून मोकळा होतो. चुकून सही केलीत आणि विमा कंपनीनं क्लेम नाकारला, तर ते कळल्यापासून ७२ तासांत करार रद्द करता येतो. लेखी रद्द करा.

आमच्या माळ्यावर त्या म्हाताऱ्यानं जिथे डीपफ्रीझर झाला होता तिथल्या वाश्यावर खडूनं एक गोल काढून तारीख लिहिली होती. दर जानेवारीत मी टॉर्च घेऊन चढते आणि त्या गोलातले खिळे बघते. या वर्षी टोकं गंजलेली होती, पण कोरडी.